माती आभाळातून पडली का?

वणी तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं दोन पानी पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून सारांश देते:

"ताई, एप्रिलच्या शेवटी रात्री वादळ झालं. आधी गारा, मग तासभर धो-धो पाऊस. सकाळी वावरात गेलो तर नाल्यापलीकडच्या कोळसा खाणीचा मातीचा ढिगारा, आम्ही त्याला ओबी म्हणतो, तो खाली आलेला. नाला बुजला आणि पाणी गाळासकट आमच्या वावरात शिरलं. साडेचार एकरांपैकी तीन एकर चिखलाखाली आहे. उन्हाळी तीळ गेला, विहीर अर्धी भरली. सातबारा आईच्या नावावर आहे. शेजारचं दोन एकर मी ठोक्याने, म्हणजे भाड्याने करतो, तेही गेलं. विमा नव्हता. पंचनाम्यात 'अवकाळी वादळी पावसामुळे नाल्याला पूर येऊन नुकसान' असं लिहिलं, मी सही केली. आता खाणीच्या ठेकेदाराचा माणूस पाचशेच्या स्टॅम्पवर कागद घेऊन फिरतो. एकरी वीस हजार घ्या, नैसर्गिक आपत्ती होती, पुढे दावा करणार नाही असं लिहून द्या. अकरा जणांचं नुकसान झालं, त्यातल्या चौघांनी पैसे घेतले. माझा धाकटा भाऊ त्याच खाणीवर ठेकेदाराकडे डंपर चालवतो. काय करू?"

भाऊ, त्या स्टॅम्पवर सही करू नका. आईचा अंगठाही नको. पत्र इथेच मिटवून ठेवलंत तरी चालेल, पण एवढं पाळा. वीस हजार कमी आहेत की जास्त, हा माझा मुद्दाच नाही. त्या कागदातलं 'नैसर्गिक आपत्ती होती' हे वाक्य त्यांना तुमच्या हातून लिहून हवं आहे. पेरणी तोंडावर आहे, हात अडलेला आहे, हे मला कळतं. पैसे घ्यावेच लागले तर बँकेतूनच घ्या आणि पावतीवर 'अंतरिम रक्कम, पुढील सर्व हक्क राखून' असं लिहा. तसं लिहू देत नसतील तर कागद कशासाठी आहे ते तुमचं तुम्हाला कळेलच. ज्या चौघांनी सही केली त्यांचं सगळं संपलं असं नाही. अडचणीत गाठून, मजकूर न समजावता घेतलेल्या संमतीला करार कायद्यात आव्हान देता येतं. पण ती लढाई वेगळी आणि लांबची.

आता पंचनामा. तुमची सगळी केस या एका कागदावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पंचनामा म्हणजे पंचांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्याची नोंद. सकाळी तुम्ही काय पाहिलंत? वावरात चिखल, बुजलेला नाला, तुटलेला ढिगारा. पाऊस पडताना तुम्ही तिथे नव्हता, तलाठीही नव्हता. (आता पद 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, लोक तलाठीच म्हणतात.) मग 'पावसामुळे पूर येऊन' हे कारण कोणी पाहिलं? छापील नमुना भरताना सवयीने लिहिलं गेलं असेल. मी त्यात कट शोधत नाही. पण पुढे खाणीचा वकील हीच ओळ पहिल्यांदा वाचून दाखवेल. माझ्या एका जुन्या पक्षकाराच्या पंचनाम्यात 'शेताजवळील नाला' एवढंच होतं, नाला कशाने बुजला ते नव्हतं. त्या न लिहिलेल्या अर्ध्या ओळीपायी उलटतपासणीत आमची दोन वर्षं गेली.

म्हणून उद्याच तहसीलदारांच्या नावे लेखी हरकत द्या आणि पुरवणी पंचनामा मागा. अर्ज आईच्या सहीने, कारण सातबारा त्यांचा आहे. पोच घ्या, आवक क्रमांक घ्या. मजकूर साधा ठेवा: "अमुक तारखेच्या रात्री वादळी पाऊस झाला. त्या वेळी नाल्यालगतचा खाणीचा मातीचा ढिगारा घसरून नाल्यात आला, नाला बुजला व प्रवाह गाळासह आमच्या शेतात शिरला." पाऊसही आला, ढिगाराही आला. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा. पाऊस लपवू नका, लपवलात तर मदतीची दारं बंद होतील.

तुमच्या पत्रात एक भीती दडलेली दिसते: सरकारी मदत हवी तर आपत्ती नैसर्गिक म्हणावी लागेल, आणि खाणीवर दावा करायचा तर नैसर्गिक नाही म्हणावं लागेल. तसं नाही. अवेळी पाऊस ही महाराष्ट्राने राज्याची आपत्ती म्हणून धरलेली आहे, गारपीट आणि दरड कोसळणं तर केंद्राच्या यादीतच आहे. मदत घ्या, आणि पुढे दावा कराल तेव्हा किती मिळाली ते उघड सांगा. फार तर तेवढी रक्कम वजा होईल. एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मिळत नाहीत, पण दोन दारं ठोठावायला बंदी नाही.

मदत किती, तेही पाहू. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत शेतातला गाळ काढायला हेक्टरी 18,000 रुपये आहेत. अट अशी की थर तीन इंचांपेक्षा जाड हवा. जमीनच कामातून गेली, म्हणजे दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून, तर अल्प आणि अत्यल्प भूधारकांना हेक्टरी 47,000. तुमचं साडेचार एकर दोन हेक्टरांच्या आत बसतं, म्हणून तुम्ही त्यात येता. चिखलाखालचे तीन एकर म्हणजे 1.21 हेक्टर, गाळाचे झाले 21,780 रुपये. आता गंमत बघा. चिखल सरासरी एक फूट धरला तर तीन एकरांत सुमारे 1,300 ब्रास माती होते (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास धरा. म्हणजे एका ट्रॉलीमागे सोळा-सतरा रुपये. एवढ्यात डिझेल तरी येतं का? गाळ काढण्याचा खरा खर्च खाणीकडूनच यायला हवा असं मी म्हणते ते याच हिशेबावरून. आणि 'गाळ' लिहायचं की 'दरड' लिहायचं, हा प्रश्न पंचनाम्यात आत्ताच काढा. दरड म्हटलं की साहेबांच्या डोळ्यांसमोर कोकणातली तळिये नाहीतर इर्शाळवाडी येते. वणीच्या सपाट मुलखात कसली दरड, असं विचारतील. त्यांना ढिगाऱ्यापाशी न्या.

पिकाची मदत वेगळी, ती 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसानीवर. त्यासाठी तीळ ई-पीक पाहणीत नोंदवला होता का ते आज बघा. नोंद नसेल तर वावर पडीत दिसेल. मग बियाण्याची पावती, शेजाऱ्यांचे जबाब आणि चिखलातून उपटलेली झाडं, हेच पुरावे.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. पुरवणी पंचनामा होईपर्यंत चिखल हलवू नका, आणि हलवताना तहसीलची लेखी परवानगी घ्या. विनापरवाना माती वाहून नेल्याबद्दल जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली दंड होतो. स्वतःच्या वावरातला दुसऱ्याचा चिखल उचलला म्हणून दंड भरायची पाळी यायला नको.

आता खाणीकडे वळू. ते म्हणतील, ईश्वरी कोप. 1868 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात सांगितलं की घातक ठरू शकेल अशी वस्तू आपल्या जागेत साठवली आणि ती निसटली, तर नुकसान साठवणाऱ्याने भरायचं. त्या खटल्यात गिरणीच्या तलावाचं पाणी शिरून बिचारी कोळशाची खाण बुडाली होती! त्या नियमाला ईश्वरी कोपाचा अपवाद होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात (1987) धोकादायक उद्योगांपुरता तो अपवादही काढून टाकला. खाणीचा ढिगारा 'धोकादायक उद्योग' या शब्दांत बसतो का, यावर मात्र वाद होईल. म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वादळ आणि गारा नव्या नाहीत. ज्याला ढिगारा रचायचा आहे त्याने हे धरूनच रचायला हवा. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची त्या रात्रीची नोंद मागा. 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. नोंद त्याच्या खाली असेल तर कोपाची गोष्ट आणखी पातळ होते.

तुमचा खरा जोर ढिगारा कसा रचला त्यावर हवा. कोळसा खाण विनियम, 2017 नुसार ढिगाऱ्याचा उतार 37.5 अंशांपेक्षा तीव्र चालत नाही. 30 मीटरपेक्षा उंच असेल तर पायऱ्या पाडाव्या लागतात. ढिगाऱ्याचा पायथा सार्वजनिक रस्ता किंवा दुसऱ्याच्या इमारतीपासून ठरावीक अंतराच्या आत आणता येत नाही. यात शेताचा उल्लेख नाही, म्हणून नाल्याकाठून गावचा रस्ता जात असेल तर ते अंतर मोजून ठेवा. पर्यावरण मंजुरीच्या पत्रातही सहसा पायथ्याची भिंत, ढिगाऱ्याभोवतीचा चर आणि गाळ बसण्याची टाकी यांच्या अटी असतात. ते पत्र आणि खाणीचा सहामाही अनुपालन (अटी पाळल्याचा) अहवाल माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांत. अहवालात चर कागदावर असेल आणि जागेवर नसेल, तर माझं अर्धं काम झालं. उताराची तक्रार खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाकडे आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवा.

भरपाईचा दावा राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे, कायद्याच्या कलम 15 आणि 17 खाली. मुदत पाच वर्षांची, पण पाच वर्षं थांबू नका. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, कमीत कमी 1,000 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. 'अपघात' ठरला तर खाणीचा दोष नसला तरी भरपाई द्यायची, हे तत्त्व लवादाला लावावं लागतं. पण अपघाताच्या व्याख्येत घातक पदार्थ हाताळण्याची भाषा आहे आणि खाणीचे वकील तिथेच धरून बसतात. म्हणूनच वरचे अटीभंगाचे कागद लागतात. आणि एकट्याने जाऊ नका. सही न केलेले सातही जण एका अर्जात या, म्हणजे 'हे एका माणसाचं खासगी भांडण आहे' ही हरकत उरत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर आईंना तालुका विधी सेवा समितीकडे न्या. स्त्री म्हणून त्यांना मोफत वकील मिळतो, मिळकत विचारली जात नाही.

लवादाचा निकाल येईपर्यंत नाला थोडाच थांबणार आहे? जूनच्या सात-आठ तारखेला मृग आला की बुजलेल्या नाल्याचं पाणी पुन्हा वावरातच येणार. त्यासाठी दोन अर्ज. एक तहसीलदारांकडे, मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली, नैसर्गिक प्रवाहातला अडथळा काढण्यासाठी. मुदत घटनेपासून सहा महिने, ती चुकवू नका. 'आम्ही अडथळा उभारला नाही, तो घसरला' असं ते म्हणतील. ढिगारा तर त्यांनीच उभारला, हे तुमचं उत्तर. दुसरा अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली, नाला मोकळा करण्यासाठी आणि उरलेला ढिगारा सावरण्यासाठी. माझ्या मते आधी हाच द्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच.

ठोक्याच्या दोन एकरांचं थोडक्यात. सरकारी मदत सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात जाईल. पण तीळ तुमचा होता, म्हणून लवादात त्या पिकाची भरपाई तुम्ही स्वतःच्या नावे मागू शकता. ठोका तोंडीच असणार, बहुतेकांचा असतो. मालकाकडून दोन ओळी लिहून घ्या, तो अजून तुमच्या बाजूने आहे तोवर.

भावाच्या नोकरीबद्दल तुम्ही शेवटी, एका ओळीत विचारलंत. खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. ठेकेदाराकडच्या डंपर चालकाला काढून टाकणं सोपं आहे. कायद्यात दाद आहे, पण तोपर्यंत घर कसं चालेल याची हमी मी देऊ शकत नाही. अर्ज आईच्या नावे आणि सात जणांत मिळून केलात तर बोट एकाच घराकडे जाणार नाही. भावाला साक्षीदार करू नका, आणि खाणीतले फोटो त्याच्याकडून मागवू नका. हा धोका घ्यायचा की नाही, ते तुम्ही दोघांनी आणि आईने बसून ठरवा. ते माझ्या हातात नाही.

फोटो तुम्हीच काढा, जागा आणि वेळ दिसेल असे. मूळ फाइल मोबाइलमध्येच राहू द्या, व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत न्यायालयात अडते. चिखल राखाडी-पिवळट असेल, त्यात वाळूखडकाचे तुकडे आणि कोळशाची चुरी असेल, आणि शेजारी तुमची काळी माती. दोन्हींची पिशवीभर माती पंचांसमोर बांधा, सह्या घ्या. मग वावरात दहा-बारा ठिकाणी सब्बल ठोका, काळी माती लागेपर्यंत, आणि सब्बलीला टेप लावून फोटो घ्या. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या कडेला थर चार-पाच इंचांचाच असणार. हे आज दुपारीच करा, कारण या उन्हात चिखल वाळून तडकला की तो बसतो, आणि मग तीन इंच भरत नाही.