दोन गाण्यांच्या चाली सारख्या वाटल्या, की कॉपीराइटचा भंग ठरतो का?
नुसत्या साम्यावरून भंग ठरत नाही. अमेरिकेतील न्यायालये आधीचे गाणे नंतरच्या रचनाकाराच्या कानावर पडले असण्याची शक्यता तपासतात आणि त्यातील संरक्षणास पात्र असा भाग लक्षणीय प्रमाणात उचलला आहे का, हेही पाहतात. हेतू नव्हता, एवढ्याने मात्र सुटका होत नाही. जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये ‘हीज सो फाइन’ची चाल नकळत उतरली, असे मानूनही न्यायालयाने १९७६ मध्ये त्यांना जबाबदार धरले. उलट, केटी पेरी यांच्या ‘डार्क हॉर्स’विरुद्ध ज्यूरीने २०१९ मध्ये दिलेला कौल न्यायाधीशांनी पुढच्याच वर्षी फिरवला, आणि माझ्या मते ते अत्यंत योग्य झाले, कारण वाद ज्या पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्याशा स्वरतुकड्यावरून होता, त्यातील घटक संगीतात सर्रास आढळतात आणि त्यांवर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही.