एसेनचं वर्कशॉप आणि वाईचा वाडा

ताई, पत्र वाचलं. मुलगी बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला, जर्मनीत एसेनला दोन आठवड्यांचं इंटरनॅशनल स्टुडंट वर्कशॉप, विषय जुन्या हेरिटेज इमारतींचा नवा वापर, आणि तुम्ही विचारताय की एवढा खर्च करून पाठवू का, की हा नुसता सर्टिफिकेटचा टूर आहे.

सर्टिफिकेटसाठी असेल तर नकोच, नोकरी देणारा आर्किटेक्ट आधी पोर्टफोलिओ उघडतो. पण एसेन म्हटल्यावर मलाच मोह झाला बघा. तिथली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण 1986 ला बंद पडली, भंगारात गेली असती, पण ठेवली आणि 2001 ला वर्ल्ड हेरिटेज झाली. कोळसा धुवायच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे, बॉयलर हाउसमध्ये डिझाइनचं म्युझियम, आणि तिथे जुनी लोखंडी यंत्रं, पाइप तसेच ठेवून मधेमधे वस्तू मांडल्यात. काय ठेवायचं न काय काढायचं, सगळं डोकं तिथेच लागतं.

पण त्याआधी एक काम. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की वाईचा वाडा भावकीत तसाच पडून आहे. अहो, तो द्या की तिला! दोन रविवार टेप घेऊन जाऊ दे. चौकाच्या चार बाजू मोजून थांबायचं नाही, दोन्ही कर्णही मोजायचे, मग कळतं की आपण काटकोन समजत होतो तो काटकोन नाहीच. कुठे चुन्याच्या भिंतीवर नंतर कुणी सिमेंटचा गिलावा मारला असेल तर तिथले पोपडे नीट बघायचे, ओल आत अडकते न बाहेर पडायला वाट राहत नाही, मग भिंत सुटत जाते. या मोजमापांवरून ड्रॉइंग्ज करून ती वर्कशॉपच्या अर्जाला जोडा, पुढे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरला (एसपीए) किंवा अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीला कॉन्झर्वेशनमध्ये, म्हणजे जुन्या इमारतींच्या जतनात, मास्टर्स करायचं ठरलं तरी हीच कामाला येतील.

आयोजकांना ईमेल करून विचारा, प्रत्यक्ष साइटवर किती दिवस, आणि फीमध्ये राहणं-जेवण धरलंय का. दोन आठवड्यांत साइट दोनच दिवस असेल तर सरळ सोडा. जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, तो धरूनच हिशेब करा. कर्ज काढून मात्र नको, त्यापेक्षा यंदा पणजीला जाऊन या, जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत इफ्फी हा फिल्म फेस्टिव्हल कसा भरतो ते बघायला एसटीचं तिकीट पुरतं.

आणि हो, वाड्याच्या माळ्यावर तिला एकटीला चढू देऊ नका, जुन्या फळ्यांचा भरवसा नसतो.