कार्डाचे पॉइंट धंद्याचे की घरचे?

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांचं स्वतःच्या मालकीचं छोटं मशीन शॉप आहे. इन्सर्ट, एंड मिल (धातू कापायची हत्यारं), कटिंग ऑइल अशी महिन्याला साधारण तीन लाखांची खरेदी ते स्वतःच्या नावावरच्या क्रेडिट कार्डाने करतात. दोन वर्षांत १,४४,००० पॉइंट साठलेत. बिलात वळते केले तर बँक पॉइंटला २५ पैसे धरते, विमानाच्या तिकिटासाठी ४० पैसे. मे महिन्यात घरच्यांना घेऊन केरळला जायचा त्यांचा बेत आहे. या पॉइंटवर कर लागेल का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की पॉइंट वाढावेत म्हणून स्टीलवाल्याचे महिन्याचे चार लाखही कार्डाने द्यावेत का? तो कार्ड घ्यायला तयार आहे, पण वर दोन टक्के मागतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे दर महिन्याला खिशातून पैसे जाणार आहेत. स्टील कार्डावर घेऊ नका. तुमच्या कार्डावर शंभर रुपयांना दोन पॉइंट मिळतात, म्हणजे चार लाखांवर ८,०००. तिकिटासाठी वापरले तरी त्यांची किंमत ३,२०० रुपये होते. स्टीलवाल्याचे दोन टक्के म्हणजे ८,०००. तुम्ही म्हणाल, महिनाभर पैसे वापरायला मिळतात त्याचं काय? तेही धरू. तुमच्या कॅश क्रेडिटचा, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून हवं तेव्हा उचलायच्या कर्जाचा, दर ११ टक्के आहे, त्या हिशेबाने महिन्याचं व्याज ३,६०० च्या आसपास वाचेल. दोन्ही मिळून ६,८००. तरीही महिन्याला बाराशे रुपये पदरचेच. शिवाय ते दोन टक्के त्याने बिलात न दाखवता रोख मागितले, तर ना जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट), ना खर्चाचा पुरावा.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जॉबवर्कचे पैसे मोठ्या कंपनीकडून कधी साठ दिवसांनी येतात, कधी नव्वद. एखाद्या महिन्यात सात लाखांचं कार्डाचं बिल पूर्ण भरता आलं नाही, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, आणि तेही खरेदीच्या तारखेपासून. वर्षभराचे पॉइंट तेवढ्यात साफ होतील.

आता कराचं. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटचं नाव घेऊन सांगणारं कलम आयकर कायद्यात नाही, म्हणून 'कर लागतच नाही' असं सर्रास सांगितलं जातं. घरच्या किराण्यावर किंवा पोरांच्या फीवर मिळालेल्या पॉइंटपुरतं ते मला मान्य आहे. आपल्याच खर्चावर मिळालेली ती सूट आहे. तुमचे पॉइंट मात्र ७२ लाखांच्या धंद्याच्या खरेदीतून आलेत, आणि ती सगळी खरेदी तुम्ही नफ्यातून वजा केली आहे. १९६१ च्या कायद्यात कलम २८ च्या चौथ्या उपकलमानुसार धंद्यातून मिळालेला लाभ, रोख असो वा वस्तुरूपात, धंद्याचं उत्पन्न धरला जातो. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. तिथे कलमांचे आकडे वेगळे, पण तत्त्व हेच.

त्याला लाभ म्हणा किंवा खरेदीवरची सूट म्हणा, हिशेब एकाच जागी येतो. खर्च पूर्ण दाखवायचा आणि त्यावरची सूट घरी न्यायची, हे जमत नाही. बँकेने टीडीएस कापला नाही म्हणून रक्कम करमुक्त ठरते, असंही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पॉइंट वापरले त्या तारखेला नोंद केली असती. नुसते साठलेले पॉइंट उत्पन्नात धरू नका. ते उद्या बादही होऊ शकतात. बिलात वळते केले, तर ३६,००० रुपये कार्डाच्या देण्यातून आणि तेवढेच खरेदी खर्चातून कमी करा. केरळची तिकिटं काढली, तर ५७,६०० रुपये खर्चातून कमी करा आणि तीच रक्कम मालकाच्या उचलीत, म्हणजे धंद्यातून घरासाठी काढलेल्या पैशांत, टाका. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका जर्नल नोंदीचं काम आहे. जीएसटीच्या क्रेडिटला धक्का नाही, कारण पुरवठादाराला बिलाची पूर्ण रक्कम मिळालेली आहे आणि सूट बँकेने दिली आहे.

कर किती? तुमच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात, सेस धरून, पहिल्या वाटेने ७,४८८ आणि दुसऱ्या वाटेने सुमारे ११,९८० रुपये. कर जाऊन हातात राहणारी किंमत तिकिटांचीच जास्त, ४५,६२० विरुद्ध २८,५१२. केरळला जायचं नक्की असेल तर खुशाल तिकिटं काढा. पॉइंट आहेत म्हणून सहल ठरवत असाल, तर हॉटेल आणि गाडीचा खर्च खिशातूनच जाईल. मग बिलात वळते करणं बरं.

एवढ्याशा रकमेसाठी नोंद टाळायचा मोह होईल. पण वर्षाला दहा लाखांवर कार्डाची बिलं भरली की बँक ती माहिती आयकर खात्याला देते आणि ती तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसते. तुमची छत्तीस लाख आहेत. विचारणा झालीच, तर प्रत्येक स्टेटमेंटसोबत जीएसटी क्रमांक असलेली बिलं आणि पॉइंटची नोंद समोर ठेवता आली पाहिजे.

आणि एक काम या आठवड्यातच करा. कार्डाच्या अटी काढून वाचा. वैयक्तिक कार्ड धंद्यासाठी वापरायचं नाही, असं अनेक बँकांच्या अटींमध्ये असतं आणि तसं आढळलं तर पॉइंट रद्द करायचा हक्क त्या राखून ठेवतात. तुमच्याही कार्डाला ती अट असेल, तर फर्मच्या नावाने बिझनेस कार्ड घ्या आणि जुनं कार्ड फक्त घरखर्चाला ठेवा.