घटस्फोटाचा अर्ज प्रलंबित असताना पतीचे निधन झाले, तर पत्नी वारस ठरते का?

होय, ठरते. आपण लिहिले आहे की शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीचा अर्ज दाखल होता, दुसरी तारीख यायची होती आणि त्याआधीच आपल्या बहिणीचे यजमान वारले. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा (अंतिम आदेश) होईपर्यंत विवाह कायम असतो. दोघांनी अर्जावर सह्या केल्या किंवा चार वर्षे वेगळे राहिले, एवढ्याने तो संपत नाही. त्यामुळे आपल्या भगिनी कायद्याने विधवा आहेत आणि मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मुले व सासूबाई यांच्याबरोबरीने पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेल्या, वारस आहेत. न्यायिक विभक्ततेचा (विवाह न मोडता वेगळे राहण्याचा) आदेश झाला असता तरीही हेच उत्तर राहिले असते.

हुकूमनामा आधी झाला असता, तर मात्र त्यांचा वारसाहक्क संपला असता, मुलांचा नव्हे.

सासरची मंडळी 'ती आता आमची कोणी नाही' असे म्हणून वारस दाखल्याच्या अर्जातून नाव वगळतात, हे फार क्लेशदायक असते; तेथे लेखी हरकत जरूर नोंदवावी आणि प्रलंबित अर्जाची न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित नक्कल सोबत जोडावी. बँकेत नामनिर्देशन दिराच्या नावे असले, तरी तो केवळ रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे.