औषध बदललं, पण गट बदलला का?

प्रश्न : साहेब, अळीसाठी आधी प्रोफेनोफॉस मारलं, मग क्विनॉलफॉस, शेवटी थायोडिकार्ब. अळी हलायला तयार नाही. उलट मलाच संध्याकाळी डोकं जड होतं, तोंडाला पाणी सुटतं, अंधुक दिसतं. यांचा काही संबंध आहे का? आणि फवारणीआधी विषबाधेवर देतात ती अ‍ॅट्रोपिनची गोळी घेतली तर चालेल का?

उत्तर : संबंध आहे. तुमच्या अळीपेक्षा मला तुमची काळजी जास्त वाटते, म्हणून आधी तेच सांगतो. आजपासून पंपाला हात लावू नका आणि डॉक्टरांना भेटा.

मज्जातंतूचा निरोप पुढे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन नेतं. निरोप पोचला की ते लगेच मोडायला हवं. ते काम अ‍ॅसिटिलकोलीनएस्टरेज हे एन्झाइम करतं. तुमची तिन्ही औषधं याच एन्झाइमला चिकटून ते बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही, अळीला झटके येतात आणि ती मरते. हेच एन्झाइम तुमच्या-माझ्या अंगातही आहे. १९३६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत असताना त्यांना याच कुळातलं टॅबून हे जहाल विष सापडलं. त्याच्या किंचितशा संपर्कानं त्यांच्याही डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आणि श्वास जड झाला. तुमचं अंधुक दिसणं त्याच जातीचं असू शकतं.

यात एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. थायोडिकार्बसारखं कार्बामेट एन्झाइमला धरतं आणि बहुधा काही तासांत सोडतं. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटची पकड मात्र वेळ जाईल तशी पक्की होते. मग शरीराला नवं एन्झाइम तयार करावं लागतं, त्याला आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी काही झालं नाही, तरी चौथ्या दिवशी तेवढ्याच औषधानं माणूस आडवा होऊ शकतो.

आता अळी. तिच्यात या एन्झाइमचा आकार जरासा बदललेला असेल, किंवा तिच्या अंगातली दुसरी एन्झाइमं विष मोडून टाकत असतील. औषध किडीला कसं मारतं यावरून केलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कार्बामेट १ए आणि ऑर्गॅनोफॉस्फेट १बी, म्हणजे दोन्ही गट १ मध्येच. तुम्ही बाटली तीनदा बदललीत, गट एकदाही नाही. पुढची फवारणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, तीही संरक्षक कपडे आणि हातमोजे घालून. क्लोरँट्रानिलीप्रोल (गट २८) अळीच्या स्नायूंतल्या कॅल्शियमवर काम करतं, बीटी हे जिवाणूजन्य औषध (गट ११) तिच्या आतड्यावर. तुमच्या पिकासाठी लेबलवर शिफारस असेल तेच निवडा. गट १ मधली दोन औषधं एकत्र मिसळू तर मुळीच नका.

अ‍ॅट्रोपिनची गोळी आधी घेऊ नका. ते एन्झाइमला सोडवत नाही, फक्त जास्तीचा निरोप काही ठिकाणी अडवतं. लाळ, घाम, बारीक बाहुल्या ही धोक्याची खूण झाकली जाते आणि माणूस विषातच काम करत राहतो. एन्झाइम सोडवायला प्रालिडॉक्झिम लागतं. तेही पकड पक्की व्हायच्या आत, आणि डॉक्टरांच्याच हातून.

फवारताना कुणाला मळमळलं, छाती दाटली, स्नायू फडफडले, तर त्याला लगेच शेताबाहेर न्या. कपडे काढून अंग साबणानं धुवा. हे करणाऱ्यानं हातमोजे घालावेत. उलटी करवू नका. दवाखान्यात जाताना बाटली लेबलसकट सोबत न्या.

तुम्ही मात्र डॉक्टरांकडे रक्तातल्या कोलीनएस्टरेजची तपासणी मागा. पुढच्या हंगामात ती पहिल्या फवारणीआधीच करून घ्या, म्हणजे नंतरचा आकडा ताडून पाहता येईल.