गुप्त सुटकेच्या योजनेची कुणकुण पत्रकारांना लागली, तर सरकार काय करतं?

बहुतेकदा संपादकांना विनंती होते: माणसं बाहेर पडेपर्यंत थांबा. ब्रिटनने मात्र थेट कोर्ट गाठलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याकडून चुकून एक यादी बाहेर गेली: तालिबानच्या भीतीने ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाण अर्जदारांची. २०२३ मध्ये पत्रकारांना ते कळताच सरकारने मनाई हुकूम मागितला. न्यायाधीशांनी इतका कडक दिला, की हुकूम आहे हेसुद्धा छापता येईना. त्या आडोशाने हजारो जणांना गुपचूप ब्रिटनमध्ये आणलं. १५ जुलै २०२५ ला बंदी उठली. जीव वाचवायला काही महिने गप्प राहणं मला पटतं. पण जवळजवळ दोन वर्षं संसदेत उघड चर्चाच नाही, आणि यादीतल्या बहुतेकांना आपलं नाव फुटल्याचा पत्ताही नाही, हे अजिबात पटत नाही.