डी5600साठी 35 एमएम घेऊ की 50 एमएम?

तुमच्याकडे निकॉनचा डी5600 कॅमेरा आणि त्यासोबत आलेली 18-55ची किट लेन्स आहे, पैसे एकाच प्राइमपुरते, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सपुरते आहेत, आणि घरातले, लहान मुलीचे, जमलं तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे फोटो काढायचे आहेत. मग 35 घ्या. डीएक्सची, म्हणजे निकॉनच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची, 35 एमएम 1.8जी.

मी आधी 50 घेतली होती, कारण जो तो तेच सांगायचा. पण ते कौतुक फिल्मच्या आणि फुल फ्रेमच्या, म्हणजे फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यांवरून आलंय. आपल्या डीएक्स बॉडीचा सेन्सर लहान असतो. त्यावर 50 लावली की फुल फ्रेमवरच्या 75इतकंच दिसतं, आणि 35 लावली की साधारण 52इतकं. म्हणजे सगळे जिची तारीफ करतात ती 50 आपल्या कॅमेऱ्यावर 35 लावल्यावर मिळते.

आता घरात टेप धरून बघा. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो, कॅमेरा उभा धरून, वरखाली थोडी जागा सोडून: 35ने दहा फुटांवरून बसतो, 50ला चौदा फूट लागतात. आमची पुढची खोली दहा बाय बारा. 50 लावली की मी थेट उंबऱ्याबाहेर.

मला खरा फरक कळला तो शेजारच्या मावशींमुळे. त्या दुपारी दाराशी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, शेजारी कात्री आणि दोरा. 50ने चेहरा सुंदर आला, मागची भिंत मऊ झाली, पण हात कापले गेले. मागे सरकायला बोळात जागाच नव्हती. पुढे 35 घेतल्यावर तिथंच बसून काढला, तर चेहराही आला, पान गुंडाळणारी बोटंही आली आणि सूपही. तो फोटो त्यांनी फ्रेम करून लावलाय. 50ने काढलेला माझ्याकडेच पडून आहे.

यात्रेतही तेच. सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा तुम्ही गर्दीत पुढं ढकलले जाता, अंतर तुमच्या हातात राहत नाही. बाराबंदी अंगरख्यातला माणूस, त्याचे हात आणि वर गेलेला ध्वज हे सगळं जवळून पकडायचं तर 35सुद्धा कधी कमी पडते. 50ने फक्त चेहरे मिळतील.

फक्त चेहरेच हवे असतील, म्हणजे लग्नातले, गच्चीवरचे, मोकळ्या जागेतले, तर मात्र 50च घ्या. 35ने चेहऱ्याच्या फार जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, हे खरं आहे. मुलीचे असे फोटो काढताना दोन पावलं मागे राहा, नंतर थोडं क्रॉप करा. शिवाय 35 तीस सेंटिमीटरपर्यंत जवळचं फोकस करते, 50 पंचेचाळीसपर्यंत. मूल मांडीवर असताना हा फरक जाणवतो.

उजेडाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच, दोन्ही 1.8पर्यंत उघडतात; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. किट लेन्स 55ला 5.6पर्यंतच उघडते, त्यापेक्षा 1.8ला जवळजवळ दहा पट उजेड आत येतो. पण घरात सारखं 1.8वर ठेवू नका. एक मीटरवरून 35ने जेमतेम सहा सेंटिमीटर जागा स्पष्ट येते, मूल जरा हललं की डोळे गेले. मी 2.8वर ठेवतो, शटर 1/250 सेकंद.

पैसे देण्याआधी किट लेन्सची रिंग 35वर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस घरात फोटो काढा. मग दोन दिवस 50वर. कुठं भिंतीला पाठ लागते ते लगेच कळेल.

आणि जुन्या बाजारात 50 एमएम 1.8डी स्वस्तात दिसली तरी घेऊ नका. मला एका दुकानात 'बसते की तुमच्या कॅमेऱ्याला' म्हणून दाखवली होती. बसते, पण डी5600च्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि त्या लेन्समध्येही नाही, त्यामुळं ऑटोफोकस चालत नाही. नावात एएफ-एस, म्हणजे लेन्समध्येच मोटर असल्याची खूण, लिहिलंय का, ते लेन्स हातात घेऊन वाचा.